जेवन कोनाकडून हाय?

आमच्या वऱ्हाडात लग्न जमल्याचं सांगितलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी माणूस विचारतो, "लग्न कोनाकडे हाय?" बाहेरच्याला वाटतं, गावाचं नाव विचारताहेत. तो बिचारा "अमरावतीला" असं सांगून मोकळा होतो. विचारणारा मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, "ते झालं हो, पन कोनाकडे?" हा प्रश्न नकाशाचा नाही, खिशाचा आहे. मुलीकडे म्हणजे खर्च मुलीच्या बापाचा, मुलाकडे म्हणजे मुलाच्या बापाचा. आणि 'दोन्ही अंगं' म्हणजे दोन्हीकडचा सगळा खर्च एकट्या बापाने उचलायचा. माझं लग्न दोन्ही अंगांचं होतं. बाप कोणाचा, हे वऱ्हाडात कोणी विचारत नाही.

माझ्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला आमचं गाव. आबा तिथे तूर-सोयाबीन काढतात आणि या वयातही शेतात जाऊन सालदारावर ओरडून येतात. माझ्या लग्नात खर्च करताना त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पण देण्याघेण्याचा एक हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का आहे. "लेक देल्ली. आता तिच्या घरचं खानं मंजे देल्लेलं वापस घेनं." म्हणून लेकीच्या घरचं अन्न वर्ज्य. हे पुष्कळ लोक पाळतात, पण पहिलं नातवंड झालं की सोडतातही. मला मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, सुटलं एकदाचं. मी मोठ्या हौसेने ताट केलं. आबा म्हणाले, "नातवंडाची सूट माह्या बापानं मले सांगतली नाई."

तेव्हापासून आबा अमरावतीला आले की सोबत डबा असतो. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी बेसन. ते आमच्या दारापुढच्या पायरीवर बसतात, टोपी मांडीवर काढून ठेवतात आणि मजेत जेवतात. पाणीही बाटलीतलं. चहाची तलफ आली की उठून शेजारी जातात, कारण शेजारीण काही त्यांची लेक नाही. तिच्याकडे बशीत ओतून चहा पितात, वरून एखादी चकलीही खातात. मग ती भिंतीवरून मला सांगते, "तुमचे आबाजी लय मोकळ्या सभावाचे आहेत, मॅडम." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्या गल्लीची मी मॅडम. मॅडमच्या घरून गॅस सिलिंडरवालासुद्धा पोहे खाऊन जातो. मॅडमचा बाप तेवढा पायरीवर. मला याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. माझी एकच इच्छा होती. आबांनी एकदा माझ्या घरात, माझ्या हातचं गरम जेवावं.

मुलीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा ही इच्छा भलत्याच वाटेने बैठकीत शिरली.

मुलगी अकोल्याला नोकरी करते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, अकोल्याचाच. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि सोबत एक अटही पसंत केली, खर्च अर्धा-अर्धा. मी खूश झाले. दोन्ही अंगांचं लग्न मी बघितलेलं होतं, त्यात मिरवले होते. त्यामुळे अर्ध्याची किंमत मला कळत होती. बैठक आमच्या घरी ठरली. मुलाचे वडील तो लहान असतानाच गेलेले. आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. अकोल्यात तिला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळ्यांची ती सिस्टर. मुलाच्या मित्रांची सिस्टर, किराणावाल्याची सिस्टर, खुद्द तिच्या जावेचीही सिस्टर.

ती आली तेव्हा आबा पायरीवर जेवत होते. ठेच्याने चेहरा लाल झाला होता, नाकातून पाणी वाहत होतं. ती दारातच थांबली. आत पाहुणे म्हणून तिची वाट बघत आम्ही उभे, आणि ही बाई पायरीवर बसून आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळतेय. पर्समध्ये बीपीचं मशीन घेऊन फिरणारी वरमाय मी पहिल्यांदाच पाहिली.

"वाढून राह्यली, आबाजी. ठेचा कमी करा."

"ठेचा सोडला तं भाकर कायच्यासंगं खाऊ, सिस्टर?"

"वरनासंगं खा. पन घरात बसून काहून नाई खात तुमी?"

आबांनी हसून विषय बदलला. मी मात्र आत पदर खोचला.

बैठक सुरू झाली. माझे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले. बैठकीत त्यांचं काम "हो ना, बरोबर आहे" एवढंच म्हणायचं, आणि ते त्यांनी चोख बजावलं. हॉल आमच्याकडे, मांडव-सजावट आमच्याकडे. फोटो, गाड्या आणि वाजंत्री तिकडे. सगळं लोण्यासारखं सरकत होतं. गाडी अडली ती जेवणावर. कारण जेवण दोघींनाही हवं होतं.

"मुलीकडची मी आहे," मी म्हटलं, "पाहुण्यांना जेवायला आम्ही घालणार."

"नाई, मॅडम," सिस्टर म्हणाली. "सारा जलम मी लोकायले सलाईन लावली. आता एकदा पंगत वाढू द्या. एकच पोरगा हाय मले. लोक विचारतीन, जेवन कोनाकडून हाय, तवा मले म्हनता आलं पाह्यजे, माह्याकडून."

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हो ना, बरोबर आहे." कोणाचं बरोबर, ते त्यांनाच माहीत.

तेवढ्यात दारातून आबांचा आवाज आला. "जेवन माह्याकडून."

आबा डबा बंद करून आत आले, खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "पाहा, मी कालपासून इचार करून राह्यलो. जेवन तुमच्याकडून झालं," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "तं ते लेकीचं अन्न. ह्यायच्याकडून झालं तं नातीच्या सासरचं. दोन्हीकडून माह्यी पंचाईत. माह्या नातीचं लग्न, अन् मी कोठी जेवू?"

माझी मुलगी म्हणाली, "आबा, मग जेवणाचे आम्ही दोघं देतो. आमच्या पगारातून. मग तर झालं?"

"तुहं मंजे लेकीच्या लेकीचं. ते तं डबल झालं, माय."

मुलगा हसला, मुलगी हसली, सिस्टर तर पदर तोंडाला लावून हसत होती. आबाही हसत होते, पण ते गमतीत बोलत नव्हते हे मला कळत होतं. "घरात तूर भरून ठेवली हाय," ते म्हणाले. "भाव आला की इकतो. नातीची पंगत माह्याकडून होऊन जाऊ द्या. मंग मी सगळ्यायच्या आंधी बसतो जेवाले."

आणि माझा पारा चढला. "आबा, माह्या लग्नाचे दोन्ही अंगं तुमी उचलले. आता नातीचंही उचलसान? अर्धं-अर्धं करून राह्यलो आमी, ते कायच्यासाठी? मुलीच्या बाजूच्या म्हाताऱ्यानं जलमभर देतच राहाव काय?"

बैठकीत एवढ्या मोठ्याने बोलायला नको होतं, पण शब्द निघून गेले होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. "बरं, बाई," ते म्हणाले, "तुही गोष्ट खरी हाय. मी आपला डबा आनीन."

जेवण सिस्टरकडे गेलं. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले, आणि शेजारणीने भिंतीवरून विचारलंच, "मॅडम, लग्न कोनाकडे हाय?" मी म्हटलं, "अर्धं-अर्धं." ती बराच वेळ भिंतीपाशी विचार करत उभी होती.

लग्न भर उन्हाळ्यात, बायपासजवळच्या हॉलमध्ये झालं. कूलर घों-घों करत होते, भटजी घाम पुसत होते, आणि सिस्टर सकाळपासून आचाऱ्याच्या डोक्यावर बसलेली. बुफेला तिने साफ नकार दिला होता. "हातात ताट घेऊन रांगेत उभं राहाले ते काय ओपीडी हाय?" असं ती म्हणाली होती. त्यामुळे रीतसर पंगत. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, भजी, मठ्ठा आणि बुंदी. रेशमी साडीचा पदर कमरेला खोचून ती स्वतः बुंदीची परात घेऊन फिरत होती. कोणीतरी विचारायची वाट बघत होती, आणि लोक विचारतही होते. दर वेळी ती खणखणीत आवाजात सांगायची, "माह्याकडून!"

घोळ तिथेच झाला. आमच्या गावाहून आबांसोबत त्यांच्या वयाचे पाच-सहा म्हातारे आले होते. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर ऐकलं. मुलाकडून जेवण म्हणजे नातीच्या सासरचं अन्न. आता ती नात आबांची, पण गावची लेक ती सगळ्या गावाची लेक. सगळे म्हातारे पत्रावळीवरून उठले आणि भिंतीपाशी आबांच्या बाजूला जाऊन बसले. मी नवरीची ओटी बघून बाहेर येते तर काय, मध्ये पंगत रंगात आलेली, आणि भिंतीला लागून टोप्यांची एक रांग. मधोमध आबांचा डबा उघडलेला आणि भाकरीचा चतकोर हातोहात पुढे सरकतोय.

त्यांचं अगदी मजेत चाललं होतं. मला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढं भांडून अर्धं-अर्धं केलं, आणि आबांच्या वाट्याला पुन्हा ठेचाच.

"आबा, उठा. पंगतीत बसा."

"तू पाव्हने पाय, बाई. आमचं मस्त चालू हाय."

"आज तरी उठा ना, आबा."

"काहून कलागत करून राह्यली? लोक पाहून राह्यले."

लोक खरंच बघत होते. सिस्टरही बघत होती. ती परात घेऊन आली आणि घाबरून म्हणाली, "काय झालं, मॅडम? बुंदी बिघडली काय?" मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बैठकीत आबा बोलले ते तिला गंमत वाटली होती. खरोखरच एवढे म्हातारे उपाशी बसतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. क्षणभर तिचा चेहरा पडला. जन्मभराची हौस म्हणून मांडलेली पंगत, आणि तिच्यातूनच माणसं उठून गेली. मग तिने परात खाली ठेवली, साडी सावरली आणि आबांच्या समोर फरशीवर मांडी घालून बसली.

"आबाजी, तुमी मले काय म्हन्ता?"

"सिस्टर."

"सिस्टर मंजे काय?"

"मंजे नर्स."

"अवं, तसं नाई. इंग्रजीत काय होते त्याचं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी शिक्षिका मी. मी म्हटलं, "बहीण."

"आयकलं?" सिस्टर म्हणाली. "मी तुमची बहीन. अन् बहिनीच्या घरचं जेवाले मनाई हाय काय?"

टोप्या एकमेकींकडे वळल्या. प्रश्न कायद्याचा होता, तो तसाच गंभीरपणे घेतला गेला. एक म्हातारा म्हणाला, "बहिनीचं चालते. भाऊबीजेले आपुन जातोच का नाई?" दुसऱ्याने शंका काढली, "पन नातीची सासू हाय ना ते."

"ते नातं पोरायचं," सिस्टर म्हणाली. "सुपारी फुटल्यावरचं. माहं अन् आबाजीचं नातं त्याच्या आंधीचं हाय. मी पायरीवर बीपी पाह्यली, तवा सुपारी फुटली होती काय? अन् तवापासून ते मले सिस्टरच म्हनून राह्यले."

आबा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हरायला आवडत नाही, पण समोरचा चांगला खेळला तर ते मानतात. शेवटी म्हणाले, "पन बहिनीकडे रिकाम्या हातानं कसं जेवाव?" आणि त्यांनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला. उरलेली भाकर, उरलेला ठेचा. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा लावून तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बापा बापा, आबाजी! तुमची बीपी काहून वाढते ते समजलं," असं ती म्हणाली तेव्हा सगळी रांग खदखदून हसली.

आबा उठले आणि पंगतीत बसले. मागोमाग सगळे बसले, कारण आबांची बहीण ती गावाची बहीण. आबांनी बुंदी दोनदा घेतली, वांग्याची भाजी मागून घेतली. वरमाय आणि नवरीचा आजोबा समोरासमोर, ती त्याचा ठेचा खातेय आणि तो तिची बुंदी. माझे यजमान माझ्या कानाशी म्हणाले, "हे खरं अर्धं-अर्धं." त्यांच्या तोंडून निघालेलं हे त्या लग्नातलं एकमेव स्वतंत्र वाक्य.

मी हसले, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला तेवढाच हेवाही वाटला. मी ताटं करकरून थकले, भांडले, रुसले. आणि या बाईने एका इंग्रजी शब्दावर माझा बाप जेवायला बसवला. शिवाय इंग्रजी शिकवते मी.

दिवाळी आली. भाऊबीजेला आबा खरंच एसटीत बसून अकोल्याला गेले. सिस्टरसाठी साडी घेऊन गेले. तिने ओवाळलं, पुरणपोळी घातली, बीपी तपासली. मुलीने मला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. आबा पाटावर बसून तूप वाढून घेत होते. दुसऱ्या दिवशी परतताना ते अमरावतीला माझ्याकडे उतरले. पायरीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि पिशवीतून डबा काढला. सिस्टरने बांधून दिलेला.

अकोल्याच्या पुरणपोळ्या, माझ्या पायरीवर!

मग मात्र माझं भान सुटलं. "सिस्टरचं चालते," मी म्हटलं, "शेजारनीचा चहा चालते, चकली चालते. ज्या घरी नात देल्ली त्या घरची पुरनपोयी चालते. एक माह्याच घरचं चालत नाई. मी काय केलं, आबा? लेक झाली, एवढंच ना? तुमी उगाच देल्लं मले. तुमी मले देल्लं, तवापासून मी तुमाले एक घास घालू शकली नाई." मी तिथेच दारात उभी राहून रडले. या वयात, दिवसाउजेडी, गल्लीच्या समोर.

आबांनी डबा बंद करून पायरीवरच ठेवला. टोपी डोक्यावर घातली, उठले आणि फाटकाबाहेर गेले. मला वाटलं, मी जास्त बोलले, आता हे एसटी स्टँडवर जातील. हाक मारायला तोंड उघडलं, तर आबा फाटकाबाहेर थांबलेले. त्यांनी सदरा नीट केला, फाटकाची कडी वाजवली आणि परक्या माणसाच्या आवाजात विचारलं,

"मॅडम हायेत काय घरी?"

मी डोळे पुसत फाटकापाशी गेले.

"मी नांदगावाकडचा म्हातारा मानूस, मॅडम. भूक लागली. ह्या गल्लीत म्हन्तात, मॅडमच्या घरून कोनी उपाशी जात नाई. खरं हाय काय?"

"खरं हाय," मी कसंबसं म्हटलं.

"मंग वाढा."

त्या दिवशी घरात खास असं काहीच नव्हतं. वरण, भात, मेथीची भाजी. मी भाकरी टाकायला घेतली तर पहिली भाकर वाकडी झाली. आबा आत आले. स्वयंपाकघरात, टेबलापाशी, माझ्या यजमानांच्या खुर्चीत बसले. मी वाढत गेले, ते खात गेले. मध्येच म्हणाले, "मॅडम, मीठ जरासं कमी हाय." मी मीठ दिलं. यजमान दारात उभे होते, त्यांना "हो ना" सुद्धा म्हणता आलं नाही.

जेवून आबांनी हात धुतला, टोपी घातली. निघताना मॅडम नाही म्हणाले. "येतो, बाई," म्हणाले. पायरीवरचा त्यांचा डबा मी आत ओट्यावर आणून ठेवला होता, तो तिथेच राहिला. मी तो घेऊन मागे धावले तर म्हणाले, "राहू दे आतमंदीच. वापस नेऊन काय करू?"

ते वळणाआड गेले आणि भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. तिने चहा मांडून ठेवला होता, वाट बघितली होती, आणि आबा काही आले नव्हते.

"मॅडम, आबाजी आले नाई आज. जेवले कोनाकडे?"

"माह्याकडे," मी म्हटलं.